पांड्यांचा १,८६४ हा आकडा कसा मोजला, आणि आता काम नेमकं कुठे अडलंय?

वेळूबन (प्रश्न)

जायंट पांडाला आययूसीएनने (प्रजातींना किती धोका आहे याची यादी ठेवणारी आंतरराष्ट्रीय संस्था) २०१६ मध्ये ‘संकटग्रस्त’ वर्गातून काढून ‘असुरक्षित’ या एक पायरी कमी धोक्याच्या वर्गात टाकलं. २०२१ मध्ये चीन सरकारनेही तेच जाहीर केलं. दोन्हींचा आधार एकच, चौथी राष्ट्रीय गणना. ती २०११ ते २०१४ मध्ये झाली आणि आकडा आला १,८६४. दीड वर्षाखालची पिल्लं यात धरलेली नाहीत.

आधीच्या गणना शेजारी मांडल्या तर चित्र जरा विचित्र दिसतं. १९७४-७७ मध्ये २,४५९, १९८५-८८ मध्ये १,११४, १९९९-२००३ मध्ये १,५९६ आणि मग १,८६४. म्हणजे निम्म्याहून खाली घसरण आणि नंतर चढ. पण पहिल्या गणनेची पद्धत ढोबळ होती, त्यामुळे ती घसरण सगळीच खरी मानता येत नाही. मग पुढचा चढ तरी कितपत खरा मानायचा?

वाघाच्या अंगावर पट्टे असतात, कॅमेऱ्यातल्या फोटोवरून एकेक वाघ ओळखता येतो. पांडे सगळे सारखेच काळे-पांढरे, दाट बांबूत राहणारे, आणि सर्वेक्षकाला बहुधा दिसतही नाहीत. तर त्यांची मोजणी प्रत्यक्षात कशी करतात आणि ती कुठे चुकते, हा पहिला प्रश्न.

दुसरा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. त्याच गणनेत म्हटलंय की हे १,८६४ प्राणी ३३ सुट्या गटांत विभागलेले आहेत. त्यातल्या २२ गटांत ३० पेक्षा कमी आणि १८ गटांत १० पेक्षाही कमी पांडे आहेत. हे गट जोडण्यासाठी जमिनीवर नेमकं काय करतात? ‘कॉरिडॉर केला’ एवढं वाचून काहीच कळत नाही.

---

पाऊलखूण

मोजणीबद्दल लिहितो, जोडण्याबद्दल दुसऱ्या कुणी लिहावं.

पांडा खाल्लेल्या बांबूतला पाचवा हिस्साही पचवत नाही. दिवसाला १२ किलोपासून मोसमानुसार तीसेक किलोपर्यंत बांबू पोटात जातो आणि बराचसा तसाच बाहेर पडतो. एका दिवसात एका प्राण्याच्या विष्ठेचे शंभरावर गोळे पडू शकतात. त्यामुळे प्राणी दिसला नाही तरी तो काय खातो, कुठे झोपतो, हे सगळं जमिनीवर पडलेलं असतं. गणना म्हणजे मुख्यतः विष्ठेची गणना.

जुनी पद्धत चाव्याच्या लांबीची. पांडा बांबूची काडी दाढांनी तोडतो तेव्हा प्रत्येक प्राण्याच्या तुकड्यांची सरासरी लांबी जवळपास ठरलेली असते. न फुटलेला गोळा उचलायचा, मोकळा करायचा आणि दोन्ही टोकांना चाव्याची खूण असलेले काडीचे तुकडे निवडून कॅलिपरने मोजायचे. दहा-वीस तुकड्यांवर भागत नाही, शंभराच्या घरात मोजमापं लागतात. दोन ठिकाणच्या सरासरीत २ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असला तर ते दोन वेगळे प्राणी धरतात. फरक कमी असेल तर दोन गोळ्यांमधलं अंतर आणि ताजेपणा बघतात. तितक्या वेळात एकच प्राणी तेवढं अंतर चालला असता का, हा निकष.

ती चुकते कुठे? पहिली अडचण मोसमाची. शरद आणि हिवाळ्यात, विशेषतः छिनलिंग डोंगरात, पांडा मुख्यतः पानं खातो. पानांच्या विष्ठेत मोजायला काडीच नसते. दुसरी अडचण गर्दीची. एकाच खोऱ्यात समान जबड्याच्या तीन माद्या असल्या तर तिघी मिळून एक मोजल्या जाण्याची शक्यता मोठी. म्हणजे जिथे पांडे जास्त, तिथेच ही पद्धत सर्वांत कमी मोजते. वाढत्या वयाच्या पिल्लाचा चावा वर्षभरात बदलतो, ती चूक उलट दिशेची. शिवाय उंचावरच्या थंडीत गोळा लवकर कुजत नाही. बाहेरचा बुळबुळीत थर, चमक, रंग आणि वास यांवरून वय ठरवायचं असतं, आणि त्यात माणसागणिक फरक पडतो.

नवी पद्धत डीएनएची. आतड्याच्या अस्तराच्या पेशी गोळ्याच्या बाहेरच्या बुळबुळीत थरात येतात. तेवढाच थर हलकेच खरवडून अल्कोहोलमध्ये ठेवायचा. आतला बांबू घेतला की वनस्पतीतली द्रव्यं सोबत येतात आणि पीसीआर, म्हणजे डीएनएच्या प्रती वाढवण्याची चाचणी, चालत नाही. पाऊस पडून गेलेला गोळा जवळपास वाया गेलेला. डीएनए कमी असेल तर एखाद्या जनुकीय खुणेच्या आई-बापाकडून आलेल्या दोन प्रतींपैकी एकच उमटते आणि त्याच प्राण्याचा दुसरा नमुना ‘नवा प्राणी’ वाटतो. म्हणून एकेका खुणेची चाचणी अनेकदा करावी लागते. ते टाळलं तर संख्या फुगते.

मिनशान रांगेतल्या वांगलांग अभयारण्याचं उदाहरण याबाबतीत नेहमी दिलं जातं. तिसऱ्या राष्ट्रीय गणनेत तिथे २७ पांडे धरले होते. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डीएनए अभ्यासात ६६ निघाले. त्यावरून ‘चीनमध्ये दुप्पट पांडे आहेत’ असे मथळे छापून आले, आणि ते चुकीचे होते. एका चांगल्या अभयारण्यातला फरक सगळ्या डोंगररांगांना लावता येत नाही. नमुने बऱ्याच काळात गोळा केले की वाटेने येऊन गेलेले प्राणीही रहिवासी म्हणून धरले जातात, हाही आक्षेप रास्त आहे.

चौथ्या गणनेत अंतर, चावा आणि डीएनए या तिन्हींचा मेळ घातला आणि फिरलेलं क्षेत्रही तिसऱ्यापेक्षा मोठं होतं. त्यामुळे १,५९६ वरून १,८६४, म्हणजे १६.८ टक्के वाढ, ही सगळी नव्या जन्मांची नाही. काही भाग जास्त पायपिटीचा आणि बऱ्या साधनांचा आहे. पण दिशा बरोबर आहे असं मी मानतो, कारण तिला संख्येबाहेरचे आधार आहेत. १९९८ च्या यांगत्से नदीच्या महापुरानंतर नैसर्गिक जंगलातली व्यापारी तोड थांबवली गेली, पुढच्याच वर्षी उतारावरची शेती सोडून झाडं लावणाऱ्यांना धान्य आणि पैसे द्यायची योजना सुरू झाली, आणि कातड्यासाठी होणारी शिकार जवळपास संपली. अजूनही फास्यात पांडा सापडतो तो बहुधा कस्तुरीमृगासाठी लावलेल्या फास्यात.

---

सह्यकडा

जोडण्याचा प्रश्न समजून घ्यायचा तर आधी १,८६४ ची फोड बघा. मिनशान रांगेत ७९७, छ्योंगलाय ५२८, छिनलिंग ३४७, लियांगशान १२४, दाश्यांगलिंग ३८, श्याओश्यांगलिंग ३०. पहिल्या दोन रांगांतच ७१ टक्के. शेवटच्या दोन रांगा मिळून ६८ प्राणी, आणि तेही एका जागी नाहीत. रस्ता, नदीकाठची वस्ती आणि तोडलेले उतार यांनी त्यांचे आणखी तुकडे पाडलेत. देशाचा आकडा वाढत असतानाच एखाद्या डोंगरावरचे शेवटचे सात पांडे संपू शकतात, आणि एकूण बेरजेत ते दिसणारही नाही.

कॉरिडॉर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पेंचच्या जंगलातून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ येतो. तिथे महाराष्ट्राच्या हद्दीत वन्यजीवांसाठी नऊ भुयारी मार्ग आणि पूल आहेत, आणि वाघ त्यांतून जाताना कॅमेऱ्यात टिपलेत. पांड्याला ही रचना तशीच लागू होत नाही. वाघ एकदा पोटभर खाऊन रातोरात कित्येक किलोमीटर तोडतो. पांडा दिवसातले दहा-चौदा तास खातच असतो, बहुतेक दिवशी अर्धा किलोमीटरही चालत नाही, आणि त्याचा रोजचा ऊर्जाखर्च तेवढ्याच वजनाच्या सस्तन प्राण्याकडून अपेक्षित असतो त्याच्या ३८ टक्क्यांच्या आसपास आहे. एका तुकड्यातून दुसऱ्यात जायला त्याला कित्येक दिवस लागतील, आणि त्या सगळ्या दिवसांत वाटेवर जेवण हवं. त्यामुळे पांड्याचा संचारमार्ग हा नुसता रस्ता असून चालत नाही. तो स्वतःच राहण्याजोगं जंगल असावा लागतो.

जमिनीवर काम होतं ते साधारण या क्रमाने.

आधी खिंड निवडतात. दोन्ही बाजूंच्या पांड्यांच्या ताज्या खुणा जिथपर्यंत येतात, त्यांमधला सर्वांत अरुंद भाग आणि त्यातही मवाळ उतार. पांडा तीव्र कडे टाळतो. खिंडीतून वाहनांचा रस्ता असेल तर पहिलं काम तेच, वाहतूक हटवणं. याचं सर्वांत चांगलं उदाहरण छिनलिंगमधलं. १०८ क्रमांकाचा महामार्ग डोंगरमाथ्यावरून जात होता. डोंगराखालून बोगदा झाला, माथ्यावरचा घाटरस्ता सुटला, आणि सुटलेल्या रस्त्याच्या कडेने बांबू लावून तो पट्टा परत मिळवायला घेतला. दाश्यांगलिंगमध्ये निबाशान डोंगराखालून २०१२ मध्ये सुरू झालेला द्रुतगती मार्गाचा बोगदा सुमारे १० किलोमीटर लांब आहे. वरचा डोंगर त्यामुळे मोकळा राहिला. बोगदा खर्चिक असतो, पण पांड्याच्या दृष्टीने पुलापेक्षा आणि भुयारी मार्गापेक्षा तोच खरा उपाय, कारण वरचं जंगल अख्खं राहतं.

पुढचं काम झाडांचं, आणि इथे मोठी चूक झालेली आहे. तोड थांबल्यावर अनेक उतारांवर एकाच जातीची सूचीपर्णी झाडं दाटीने लावली गेली. उपग्रहाच्या चित्रात ते जंगल हिरवंगार दिसतं. पण खाली उजेड पोचत नाही, बांबू वाढत नाही, आणि पांडा तिकडे फिरकत नाही. अशा लागवडीत आधी विरळणी करावी लागते. छत साधारण अर्धं ते तीन-चतुर्थांश झाकलेलं राहील इतपत झाडं ठेवायची. पूर्ण उघडंही चालत नाही, कारण उघड्यावर बांबू इतका दाट माजतो की त्यातून प्राण्याला चालता येत नाही.

मग बांबू. बी पेरून उपयोग नाही, खाण्याजोग्या जाडीची काठी यायला दहा-वीस वर्षं जातात. आईबेटातून मुळासकट, म्हणजे जमिनीखालच्या खोडासकट, दोन-तीन काठ्यांचा गड्डा काढून लावतात. बाशानिया जातीचं खोड जमिनीखाली पळतं, तो आपोआप पसरतो. फार्गेसिया बेटाने वाढतो, त्याचे गड्डे जवळजवळ लावावे लागतात. एकच जात लावली तर मार्ग वर्षातले काही महिनेच उपयोगी, आणि त्या जातीला फुलोरा आला की पूर्ण बंद. पहिली काही वर्षं गुरांपासून राखण हवीच. कोवळा कोंब गाईलाही आवडतो, घोड्यालाही. विदर्भात वास्त्यांची भाजी खाणाऱ्यांना हे सांगायला नको.

एक मुद्दा सहसा निसटतो. पांड्यांमध्ये जन्मगाव सोडून दूर जातात त्या मुख्यतः तरुण माद्या. बहुतेक सस्तन प्राण्यांत नर जातात, इथे उलट आहे. त्यामुळे पलीकडच्या तुकड्यात मादीला पिल्लू घालायला जागा आहे का, हेही बघावं लागतं. तिला म्हाताऱ्या झाडाची ढोली किंवा कपार लागते. पिल्लू जन्मतः १०० ते १५० ग्रॅमचं, उघडं आणि आंधळं असतं. पंचवीस-तीस वर्षांच्या लागवडीत ढोली कुठून येणार? बांबू परत आणता येतो, पण दोनशे वर्षांचं झाड आणता येत नाही. म्हणून जिथे मूळ जंगलाचा तुकडा शिल्लक आहे तिथूनच मार्ग वळवून न्यावा, तो थोडा लांबचा पडला तरी.

२०२१ मध्ये जायंट पांडा राष्ट्रीय उद्यान औपचारिकरीत्या सुरू झालं. सिचुआन, शान्शी आणि गान्सू या तीन प्रांतांत मिळून सुमारे २२,००० चौरस किलोमीटर. त्याआधी ६७ अभयारण्यं होती, प्रत्येकाचा कारभार वेगळा, आणि दोन अभयारण्यांमधली खिंड कुणाच्याच अखत्यारीत नसायची. आता ती एका व्यवस्थेखाली आली. रानटी पांड्यांपैकी सुमारे ७० टक्के या उद्यानात आहेत. उरलेले ३० टक्के बाहेर आहेत, आणि छोटे, तुटलेले गट त्या बाहेरच्यांत जास्त आहेत. माझ्या मते पुढच्या दहा वर्षांचं खरं काम तिथे आहे.

---

वेळूबन

दोन्ही उत्तरांबद्दल आभार, विशेषतः संचारमार्ग हेच जंगल असावं लागतं हा मुद्दा पटला. मग पुढचा प्रश्न. प्रजनन केंद्रांतल्या पांड्यांची संख्या आता ७०० च्या वर गेली आहे. मार्ग तयार व्हायला तीस वर्षं लागणार असतील तर या ७०० मधले प्राणी थेट त्या छोट्या गटांत का सोडत नाहीत? आणि सह्यकडा यांनी फुलोऱ्याचा उल्लेख केला त्यावरही कुणी सविस्तर लिहावं.

---

कोंब

फुलोऱ्याचं मी सांगते.

एका जातीचा बांबू कित्येक दशकं नुसता वाढतो, मग एका मोठ्या पट्ट्यात एकदम फुलतो, बी धरतो आणि वाळून जातो. मिझोराममधला ‘मौताम’ त्याच प्रकारचा, साधारण ४८ वर्षांनी येणारा. तिथे बियांवर उंदीर माजतात आणि मग भातपीक जातं. पांड्याच्या बाबतीत अन्नच नाहीसं होतं. १९७० च्या दशकाच्या मध्यात मिनशानमध्ये फार्गेसियाची एक जात फुलून गेली, तेव्हा निदान १३८ पांडे मेलेले सापडले. १९८३ मध्ये छ्योंगलाय रांगेत बाशानियाला फुलोरा आला.

पण फुलोरा हे मूळ कारण नाही. पांडे आणि बांबू लाखो वर्षं सोबत आहेत. एक जात गेली की प्राणी डोंगर उतरून किंवा चढून दुसऱ्या जातीकडे जायचे. विसाव्या शतकात खालच्या उंचीवरचा बांबू शेती आणि वस्तीखाली गेला, म्हणून उतरायला जागाच उरली नाही. त्याच छ्योंगलाय रांगेतल्या वोलोंग अभयारण्यात १९८३ नंतर काय झालं ते बघा. तिथे खालच्या उतारावर फार्गेसियाची दुसरी जात शिल्लक होती. बरेच पांडे तिच्याकडे वळले आणि तगले. त्या वेळी घाईघाईने ‘उपाशी’ म्हणून रानातून उचललेले काही प्राणी मुळात उपाशी नव्हते, आणि त्यातले बरेच परत रानात गेलेच नाहीत. दुष्काळापेक्षा मदतीने नुकसान झालं असं म्हणण्याइतकी ती चूक मोठी होती.

यावरून अधिवासाचा एक साधा निकष निघतो. एका गटाच्या आवाक्यात वेगवेगळ्या उंचीवर निदान दोन जातींचा बांबू हवा. फुलोरा नसतानाही तो लागतोच. छिनलिंगमधल्या फोपिंग अभयारण्यातले पांडे हिवाळा आणि वसंत खाली बाशानियात काढतात, जूनच्या सुमारास वर फार्गेसियाच्या कोंबांकडे जातात आणि उन्हाळा संपता संपता उतरतात. एका जातीत नत्र जास्त मिळतं त्या काळात दुसरीत कॅल्शियम मिळतं, वर्षभराचं गणित दोन्ही मिळूनच जमतं. पुढची भीती हवामानाची आहे. छिनलिंगमधल्या तीन मुख्य बांबू जातींना या शतकाअखेर आजच्या क्षेत्रापैकी बहुतेक भाग प्रतिकूल होईल, असा २०१३ मधला अंदाज आहे. बांबू वर सरकू शकतो, पण बीच दशकांतून एकदा येतं, त्यामुळे तो फार सावकाश सरकतो.

---

गस्त

सोडण्याबद्दल. ७०० हा आकडा फसवा आहे. त्यातले बहुतेक प्राणी माणसाच्या हातून गाजर आणि मक्याची वडी खात वाढलेले. रानात सोडण्याजोगे फार थोडे.

पहिला प्रयोग श्यांग श्यांग या नराचा. २००३ पासून जवळजवळ तीन वर्षं शिकवून, एप्रिल २००६ मध्ये, तो पाच वर्षांचा होत आला असताना वोलोंगमध्ये सोडला. बांबू शोधणं, बिळं-ढोल्या वापरणं त्याला जमत होतं. वर्षाच्या आत तो मेला. रानटी नरांशी झालेल्या झुंजीत जखमी होऊन उंचावरून पडला असावा, असा निष्कर्ष निघाला. जागा निवडताना तिथे आधीच नर भरलेले होते, हे लक्षात घ्यायला हवं होतं. वयही चुकलं आणि शिकवणारा माणूस होता, आई नव्हती.

२०१० पासून पद्धत बदलली. गर्भार मादीलाच वोलोंगमधल्या हताओपिंग केंद्राच्या कुंपणातल्या जंगलात ठेवतात. पिल्लू तिथेच जन्मतं आणि आईच वाढवते. माणूस दिसू नये म्हणून कर्मचारी पांड्याचा पोशाख घालतात आणि त्याला पांड्याचं मूत्र आणि विष्ठा चोळतात, कारण या प्राण्यासाठी डोळ्यापेक्षा नाक महत्त्वाचं. पिल्लू मोठं होईल तसं त्याला आईसह आणखी मोठ्या आणि उंचावरच्या कुंपणात हलवतात. सोडण्याआधी परीक्षा असते. बिबट्याचा पेंढा भरलेला पुतळा आणि ध्वनिफीत ठेवतात, पिल्लू झाडावर चढून पळालं तर ठीक, कुतूहलाने जवळ गेलं तर नापास. मग आरोग्य तपासणी, त्वचेखाली चिप, गळ्यात जीपीएस पट्टा, आणि दोन वर्षांच्या सुमारास सुटका. त्या वयात रानातलं पिल्लूही आईला सोडतंच.

ताओ ताओ हा या पद्धतीचा पहिला, ऑक्टोबर २०१२ मध्ये लीझीपिंग अभयारण्यात सोडलेला. २०१७ मध्ये पुन्हा पकडून तपासला तेव्हा तो ठणठणीत होता. लीझीपिंग का, तर ते श्याओश्यांगलिंग रांगेत आहे, म्हणजे वरच्या यादीतला ३० चा गट. नर-गर्दी कमी, नव्या रक्ताची गरज जास्त. तिथेच २००९ मध्ये लू शिन ही दुसऱ्या रांगेतून वाचवून आणलेली रानटी मादी सोडली होती आणि तिला २०१२ मध्ये पिल्लू झालं. म्हणजे छोट्या गटासाठी रानातच वाढलेल्या मादीचं स्थलांतर हाही चांगला उपाय आहे, फक्त अशा माद्या क्वचितच हाती येतात.

आता मर्यादा. एका पिल्लामागे एक मादी आणि मोठं कुंपण दोन वर्षं अडकतं. सगळी पिल्लं परीक्षेत पास होत नाहीत. सुटलेल्यांतलीही काही मेली, श्वे श्वे ही २०१४ मध्ये सोडलेली मादी त्यातली एक. पहिल्या दशकात या पद्धतीने सोडलेल्यांची संख्या दहा-बाराच्या घरातच राहिली. मादी वर्षातून एकदाच, मार्च ते मे दरम्यान माजावर येते, गर्भधारणेची संधी दोन-तीन दिवसांचीच, आणि रानात ती दोन वर्षांतून एक पिल्लू वाढवते. दहा जणांच्या गटात एक मादी घातली तर त्या गटाचं आयुष्य वाढतं हे खरं. पण तो गट तसाच बंदिस्त राहिला तर पुढच्या पिढीत परत बाहेरून नवी मादी आणायची पाळी येते. म्हणून सोडणं आणि जोडणं ही कामं एकाच डोंगरावर एकाच वेळी व्हायला हवीत.

---

हिरवीगार

सह्यकडा यांच्याशी एका बाबतीत माझा मतभेद आहे. पुढच्या दहा वर्षांचं काम फक्त उद्यानाबाहेर आहे असं नाही. चौथ्या गणनेत पांड्यांच्या अधिवासात सर्वांत जास्त वेळा नोंदला गेलेला उपद्रव म्हणजे चराई, आणि ती अभयारण्यांच्या आतही आहे.

वांगलांगमध्ये पंधरा वर्षांत गुरं नऊपट झाली आणि पांड्यांनी वापरातला एक-तृतीयांश अधिवास सोडला, असं २०१७ च्या अभ्यासात आलं. वोलोंगमध्ये घोड्यांचं तेच. पंचवीसेक घोडे होते, ते दहा वर्षांत साडेतीनशे झाले. पांडा आणि घोडा दोघांनाही मवाळ उतार आणि बांबू हवा. घोडे कळपाने येतात, एक जागा संपवून पुढे जातात, आणि पांडा झगडत नाही, निघून जातो. गाई-घोडे मोकाट सोडलेले असतात, गुराखी महिनोन्महिने वर जात नाही, त्यामुळे गस्तीला माणूस सापडत नाही, फक्त जनावर सापडतं.

याचं मूळ तोडबंदीत आहे. लाकडावर चालणारी घरं १९९८ नंतर रिकामी झाली आणि लोकांनी जनावरात पैसा घातला. नुसती बंदी घातली की घोडे शेजारच्या खोऱ्यात जातात. जिथे काम झालं तिथे घरांच्या गटांना जंगलाचे ठरावीक भाग राखायला वाटून दिले आणि तोड, फासे, चराई आढळली नाही तर वर्षाचे पैसे दिले. चुलीसाठी लाकूड कमी लागावं म्हणून स्वस्त वीज दिली. वोलोंगमधला धडा जुना आहे. अभयारण्य झाल्यानंतरही तिथला अधिवास आधीपेक्षा वेगाने घटला, हे २००१ मध्येच दाखवून दिलं गेलं होतं. आतली घरं वाढत होती आणि सरपण तिथलंच तुटत होतं. नकाशावर हिरवी रेघ ओढून ते थांबणार नव्हतं.

गुरांबरोबर कुत्री येतात, आणि ही मला सगळ्यात जास्त घाबरवणारी गोष्ट आहे. २०१४ च्या डिसेंबरपासून २०१५ च्या मार्चपर्यंत शान्शी प्रांतातल्या प्रजनन केंद्रात कॅनाइन डिस्टेंपरची, म्हणजे कुत्र्यांमधल्या एका विषाणूजन्य रोगाची, साथ आली. सहा पांड्यांना लागण झाली, पाच मेले. वाचलेल्या एकाला आधी लस दिलेली होती. दहा-पंधरा रानटी प्राण्यांच्या गटात हे झालं तर गट संपला, आणि तिथे लस टोचायला कुणी पोचणार नाही. म्हणून लस कुत्र्यांना द्यायची. जंगलालगतच्या प्रत्येक गावात दरवर्षी, नवी पिल्लं धरून, कारण एक वर्ष चुकलं की लस न घेतलेल्या कुत्र्यांची अख्खी पिढी तयार होते. सोबत मोकाट कुत्र्यांची नसबंदी.

आणखी एक. पांडा राखला की बाकीचं जंगल आपोआप राखलं जातं, हे सरसकट खरं नाही. २०२० मधल्या अभ्यासानुसार पांडा-क्षेत्रातल्या संरक्षित भागांपैकी ८१ टक्के भागांतून बिबट्या, ७७ टक्के भागांतून लांडगा आणि ९५ टक्के भागांतून रानकुत्रा नाहीसा झालाय. पांड्याला काही चौरस किलोमीटर पुरतात, बिबट्याला शंभरावर लागतात. छोटे छोटे तुकडे जोडण्याचं हे आणखी एक कारण आहे.

---

सह्यकडा

मतभेद मान्य. ‘जास्त काम बाहेर’ असं म्हणायला हवं होतं, ‘खरं काम’ नव्हे. संचारमार्गातल्या नव्या बांबूचं पहिलं नुकसान गुरंच करतात हे मीच वर लिहिलंय.

---

पाऊलखूण

गस्त यांच्या उत्तराला एक जोड. प्राणी सोडताना छिनलिंग आणि सिचुआनची सरमिसळ करू नये. छिनलिंगचे पांडे इतरांपासून सुमारे ३ लाख वर्षांपूर्वी वेगळे झाले, डोकं गोलसर, दाढा मोठ्या, आणि २००५ मध्ये त्यांना स्वतंत्र उपप्रजाती म्हणून मांडलं गेलं. सिचुआनच्या केंद्रांत पांडे भरपूर आहेत म्हणून ते उत्तरेत पाठवून चालणार नाही. छिनलिंगसाठी छिनलिंगचाच कळप लागेल, आणि हिरवीगार यांनी लिहिलेली डिस्टेंपरची साथ नेमकी शान्शीतल्याच केंद्रात आली होती. ३४७ रानटी प्राण्यांच्या पाठीशी असलेली राखीव फळी तीच. ती एका छताखाली न ठेवता दोन-तीन ठिकाणी विभागणं, आणि नवा प्राणी आत घेताना विलगीकरण पाळणं, हे कॉरिडॉरइतकंच तातडीचं आहे.